पिशाच कुणाकडे पाहतं?

दुपारच्या खेळाला थिएटर खच्चून भरलं होतं. सिनेमा आजोबांच्या काळातला, काळापांढरा, रक्त पिणाऱ्या सरदाराचा. वटवाघळाची दोरी स्पष्ट दिसायची आणि सरदाराचे सुळे इतके सैल, की बोलताना तो तोंडावर हात धरायचा. पण हसायची कुणाची छाती नव्हती. शवपेटीतून उठून तो समोर रोखून पाही, आणि ज्याच्यावर नजर पडे त्याचं रक्त महिन्याभरात आटे, असं बाहेर ताईत विकणारे महाराज सांगत.

"नजर पडली तर माझ्या कानात सांगा. इतरांना सांगाल तर ताईत वाया, मग माझ्या नावाने रडू नका!"

मास्तरीणबाईंची नणंद चिमी गरोदर होती, अंगात रक्त कमी. मागच्या आठवड्यात सिनेमा पाहून आली आणि तिने डॉक्टरांच्या गोळ्याच बंद केल्या. बाईंनी खनपटीला बसून कारण काढून घेतलं.

"महाराज म्हणाले, रक्त वाढलं तर तो लवकर येईल."

"चल, दाखव मला तुझा हा आशिक," म्हणत बाई आज तिला घेऊन आल्या होत्या.

पेटीचं झाकण उघडलं. "वहिनी, बघा! माझ्याकडेच!" चिमीने त्यांचा दंड घट्ट धरला. बाईही खुर्चीत मागे सरकल्या, कारण तो मेला चक्क बाईंकडे पाहत होता!

मध्यंतर होताच बाई खुर्चीवर चढल्या. "ज्याच्याकडे त्याने पाहिलं, त्याने हात वर करा!" आणि स्वतःचा हात वर केला.

चिमीचा हात उठला. मग कोपऱ्यातला, मग बाल्कनीतले. बघता बघता सगळं थिएटर हात वर करून उभं.

"हट्, माझ्याकडे बघत होता तो!"

"तुझ्याकडे? आरशात तोंड बघ आधी!"

महाराज धावत आत आले. "ही त्याची शक्ती! एकाच वेळी सगळ्यांना गिळतो!"

"महाराज, मी पहिल्या दिवसापासून रोज येतोय," बाल्कनीतून न्हावी ओरडला. "महिना कधीच उलटला. आज सकाळी तुमचीच दाढी केली ना?"

हशा उसळला.

"नटाने कॅमेऱ्यात पाहिलं, एवढंच," बाई म्हणाल्या. "सपाट चित्रातली समोरची नजर कुठूनही बघा, आपल्यावरच वाटते. बाहेर महाराजांच्या फलकावरचा फोटो बघा. तोही प्रत्येकाकडे बघतो, फक्त जरा खिशाच्या उंचीवर. भीती वाटली तर लपवू नका, शेजारच्याला विचारा. आणि औषध सोडायला सांगणाऱ्याकडे आधी पुरावा मागा."

चिमीने हळूच त्यांचा पदर ओढला. "वहिनी, उरलेला सिनेमा राहू द्या. औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत जाऊ."