कालवडीवरची खूण

"एक म्हणालो होतो मी. एक! बोट वर करून सांगितलं होतं. आणि ही बया दोन घेऊन आली!"

दादा अंगणात उभा राहून ओरडत होता. आत्या टेंपोच्या फाळक्यावर बसली होती, दोन कुत्र्यांच्या दोऱ्या मनगटाला गुंडाळून, त्याचं ओरडणं कधी संपतंय याची वाट बघत. थोरल्या भावाच्या तोंडी लागायचं नाही, दम लागला की तो आपोआप थांबतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. नवरा गेल्यावर ती या घरी परत आली त्याला पंचवीस वर्षं झाली होती. अकरा म्हशी आणि सहा गायींचा गोठा तीच सांभाळायची. वहिनी बाळंतपणात गेली तेव्हा दोन दिवसांचं पोर तिच्याच पदरात पडलं होतं. ते पोर आता बावीस वर्षांचं झालं होतं. अंगानं शेलाटी म्हणून त्या पोरीला सगळे काडी म्हणायचे, आणि जिभेला तर हाड नव्हतंच.

"बाबा, एक फुकट मिळालं की दुसरंही फुकटच असतं," काडी दारातून म्हणाली. "तुमचं काय गेलं?"

"खायला तुझा बाप घालणार ना!"

"तोच तर उभा आहे समोर."

शेवटी दादाला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत दाबलं. कुत्रं तर हवंच होतं. गोठ्याच्या मागच्या बाजूनं लांडग्यानं महिन्याभरात दोन वासरं ओढून नेली होती. म्हणून आत्या शहराकडच्या त्या जागेत गेली होती, जिथं टाकलेली, मार खाल्लेली कुत्री आणून बरी करतात. तिथल्या चष्मेवाल्या बाईनं नुसतं भंडावून सोडलं होतं. कुठं बांधणार, काय खायला घालणार, घरात दारू पिऊन हात उचलणारं कुणी आहे का. आधी तर ती स्वतः येऊन गोठा बघून गेली, शेजारच्या सुताराला बाजूला घेऊन चौकशी केली, आणि मगच हो म्हणाली. वर अट घातली, की ही जोडी तुटणार नाही. न्यायची तर दोघांना न्या.

दोघांत एक भुऱ्या, छातीनं रुंद, गंभीर चेहऱ्याचा. दुसरी लंगडी, मागचा डावा पाय उचलून चालणारी. चार दिवसांत दोघांनी गोठा आपला मानला. पाऊलवाटेवर कुणी खोकला तरी भुऱ्या उभा राहायचा, आणि लंगडी त्याच्या पोटाखालून तोंड काढून एवढी केकाटायची की सुतार त्याच्या घरातून शिव्या द्यायचा. वासरं मागं बिनघोर बसायला लागली. दादानं एकदा, कुणी बघत नाही असं बघून, भुऱ्याच्या डोक्यावर हात ठेवला. आत्यानं बघितलं, पण मिठाची गुळणी धरली.

त्या दिवसांत हवा फार वाईट होती. पाऊस लांबला होता. दुपारी वारा पडायचा आणि रानातली माती भेगाळून भाजल्यासारखी दिसायची. अशा उकाड्यात गोचीड फार होतात. आत्या भुऱ्याला मांडीशी घेऊन बसली आणि केस विंचरत एकेक गोचीड काढून डब्यातल्या तेलात टाकायला लागली. डाव्या मांडीवर तिचं बोट अडलं. केसांखाली कातडी कडक लागली. तिनं केस बाजूला केले.

गोल होता. आणि गोलात एक तिरपी रेघ.

आत्याचा हात तिथंच थांबला. चष्मेवाली बाई म्हणाली होती, कुणीतरी उकळतं पाणी टाकलं असावं. शहरातल्या माणसाला काय कळणार! आत्यानं अख्ख्या आयुष्यात शेकडो वासरांना डाग दिला होता. या भागात प्रत्येक घराची लोखंडी डागणी वेगळी, त्यांच्या घरची त्रिकोणाची. जनावर हरवलं, दुसऱ्याच्या कळपात मिसळलं, तर ओळखू यावं म्हणून. पण कुत्र्याला कुणी डागत नाही. कुत्रं आपल्या पायानं घरी येतं. त्याला कशाला डाग?

आणि डाग स्वच्छ होता, हे सगळ्यात वाईट. जनावर हललं की डाग फिसकटतो. इथं एक कडसुद्धा फिसकटली नव्हती. म्हणजे दोघातिघांनी दाबून धरलं होतं, आणि डागणाऱ्याला कसलीही घाई नव्हती. तिनं लंगडीला ओढून जवळ घेतलं. तिच्याही मांडीवर तोच गोल, पण अर्धा पुसट, खाली ओघळल्यासारखा. ही धडपडली होती. पाय त्यातच गेला असणार.

"मेल्यांनो, हात झडले कसे नाहीत तुमचे," आत्या मोठ्यानं बोलली. मग तिनं दोघांच्या मांडीला तेल चोळलं आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.

काडीचं लग्न ठरलं होतं. टेकड्यांपलीकडचं घर, चाळीस जनावरं, बारमाही विहीर, दोघे भाऊ, थोरल्याचं लग्न झालेलं. मध्यस्थानं सुचवलं, दादा एकदा जाऊन आला आणि खूश होऊन परतला. काडीनंही मुलाला बघितलं होतं. बोलायला गोड, अंगानं नीट, डोळ्याला डोळा देऊन बोलणारा. आता लग्नाला पाच आठवडे राहिले होते.

रविवारी दुपारी मुलगा स्वतः आला. टेंपोत मागं एक तांबडी कालवड उभी होती. "काडीसाठी आणली," तो म्हणाला. "आमच्या घरची पैदास आहे. आधीच सवय झालेली बरी."

दादा हरखून गेला. काडी लाजली नाही, पण तिनं कपबशा दोनदा धुतल्या. आत्या मात्र गोठ्याकडं बघत होती. टेंपो आला तरी कुत्री भुंकली नव्हती. पाऊलवाटेवर पान हललं तरी केकाटणारी लंगडी गप्प होती. आत्या उठून मागं गेली. लंगडी वैरणीच्या ढिगामागं अंग चोरून बसली होती आणि तिच्याखालची माती ओली झाली होती. भुऱ्या दावणीजवळ उभा होता. त्याचे चारही पाय थरथरत होते.

"बरी सापडली ही कुत्री तुम्हाला."

मुलगा मागं येऊन उभा राहिला होता. हातात चहाचा कप होता आणि चेहऱ्यावर हसू. त्यानं भुऱ्याकडं नुसतं बघितलं. एवढं मोठं ते जनावर पोट जमिनीला घासत त्याच्या बुटापर्यंत आलं आणि उताणं झालं.

"तुमच्या ओळखीची आहेत का?" आत्यानं विचारलं.

"कुत्री सगळी सारखीच असतात, आत्याबाई. वळण लावलं की राहतं." त्यानं बुटाचं टोक भुऱ्याच्या गळ्यावर हलकंच टेकवलं आणि काढून घेतलं. "चला, कालवड बांधून घेऊ."

कालवड उतरवताना तिनं पाठ फिरवली. डाव्या मांडीवर गोल होता. गोलात तिरपी रेघ, स्वच्छ, एक कड फिसकटलेली नाही. दादानं कौतुकानं त्या डागावर हात फिरवला. "हात फार स्थिर आहे हो, कुणाचा?"

"माझाच," मुलगा म्हणाला. "आमच्या दारात जे येतं त्यावर आमची खूण असते."

तो गेल्यावर आत्यानं दादाला हाताला धरून गोठ्यात नेलं, भुऱ्याचे केस बाजूला केले, मग कालवडीची मांडी दाखवली. दादा वाकून बघत राहिला. मग सरळ झाला आणि घाम पुसला.

"कुत्र्यावरून सोयरीक मोडायची? लोक काय म्हणतील? पोरीला आई नाही, एवढं चांगलं घर पुन्हा कोण देणार? चावलं असेल ते कुत्रं, रागाच्या भरात दिला असेल डाग."

"रागात हात असा स्थिर राहतो का रे, दादा?"

"मग काय करू मी?" दादा ओरडला. "तूच सांग, काय करू?"

काडी गोठ्याच्या दारात उभी होती. किती वेळ, कुणास ठाऊक. ती आत आली, लंगडीजवळ बसली आणि तिनं त्या पुसट गोलावर बोट ठेवलं. मग आत्याचा फोन घेतला आणि चष्मेवाल्या बाईला लावला. ही कुत्री कुठं सापडली? बाई म्हणाली, सापडली नाहीत, एका बाईनं फोन करून कळवलं होतं. ओढ्याजवळच्या झाडाला बांधून ठेवलीयत, लवकर न्या, म्हणाली. फार हळू बोलत होती. नाव विचारलं तर फोन ठेवून दिला. ओढा टेकड्यांपलीकडचा होता.

"त्या घरात बाई एकच आहे," काडी म्हणाली. "माझी होणारी जाऊ. बाबा, तुम्ही गेला होतात तेव्हा ती भेटली तुम्हाला?"

"पाणी दिलं तिनं."

"बोलली?"

दादाला आठवेना.

"कुत्रं द्यायच्या आधी ती चष्मेवाली आपलं घर बघून गेली, सुताराला विचारून गेली. मला द्यायच्या आधी तुम्ही काय बघितलंत? विहीर?" काडीचा आवाज चिरकला. ती कधी रडत नसे. आताही रडली नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते.

दादा जेवला नाही. सकाळी दूध घालून झाल्यावर कुणाला न सांगता त्यानं मोटारसायकल काढली. आत्यानं दिवसभर हाताला लागेल ते काम केलं. शेण भरलं, गव्हाण खरवडली, धुतलेल्या चरव्या पुन्हा धुतल्या. ऊन उतरायला लागलं तेव्हा दादा आला. गाडी स्टँडला लावायची विसरला आणि ती तशीच आडवी झाली. तो ओट्यावर बसला.

"मुलगा नव्हता घरी. थोरलाही नव्हता," तो म्हणाला. "दार उघडं होतं. मी नुसता खाकरलो, पुरुष माणूस आलाय हे कळावं म्हणून. ती बाई चुलीपाशी होती. हातातलं पातेलं पडलं तिच्या. सगळं सांडलं. आणि ती खाली बसली गं. भिंतीला लागून, डोक्यावर हात धरून. मी म्हटलं, अगं बाई, मी काडीचा बाप. तरी हात खाली घेईना. त्या कुत्र्यासारखी..." त्यानं टॉवेल तोंडावर धरला आणि मोठ्यानं रडायला लागला. आत्यानं भावाला असं रडताना वहिनी गेली तेव्हाच बघितलं होतं.

"मोडलं म्हणून सांग मध्यस्थाला," थोड्या वेळानं तो म्हणाला. "उद्या कालवड पाठवून देऊ. सुटलो आपण."

"आणि ती?" काडीनं विचारलं.

"कोण ती?"

"जिनं फोन केला ती. तिचं माहेर कुठं आहे? कुणी आहे का तिला?"

"मी विचारलं नाही, पोरी." दादानं मान खाली घातली. "ती त्यांच्या घरातली. आपण परकी माणसं. काय करणार?"

म्हशी धारेला रेकत होत्या आणि आत्या बसल्या जागेवरून हलत नव्हती. आपल्या पोरीला वाचवलं याचा आनंद व्हायला हवा होता, तो होत नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर ती न बघितलेली बाई ओढ्याच्या वाटेनं दोन भाजलेली कुत्री घेऊन चालली होती. लंगडीला तर उचलूनच न्यावं लागलं असणार. घरी कळलं तर आपलं काय होईल हे माहीत असताना तिनं ते केलं होतं. आणि कळलं होतं. भुऱ्याला गोठ्यात बघितलं तेव्हाच त्या मुलाला कळलं असणार, कुत्री आपल्या पायानं पळाली नव्हती, कुणीतरी सोडवली होती.

"अरे देवा," आत्या म्हणाली आणि उठली. "तो इथून हसत गेला रे, दादा. त्याला आपल्याच दारात कळलं."

दुसऱ्या दिवशी धारा आटोपल्या तशी आत्यानं कालवड सोडली. दादा म्हणाला टेंपो सांगतो, पण टेंपोवाला संध्याकाळशिवाय मोकळा नव्हता आणि आत्याला थांबायचं नव्हतं. काडीनं चपला घातल्या. तू येऊ नकोस, असं दोघांनीही सांगून बघितलं, तिनं ऐकलं नाही. सुताराला गोठ्यावर बसवलं. काडीनं चष्मेवाल्या बाईला फोन करून सगळं सांगितलं, ती म्हणाली मी पोलिसांत जाते आणि तशीच येते, पण मला पोहोचायला दुपार होईल. मग तिघं निघाली. पुढं कालवड, तिच्या दाव्याला आत्या, मागं बाप आणि लेक.

आभाळ भरून आलं होतं, पण पडत नव्हतं. वाटेवरची माती पावलागणिक उडत होती आणि घशात बसत होती. टेकडीच्या वळणावर समोरून मोटारसायकल आली. मुलगाच होता. त्यानं गाडी आडवी लावली आणि हसला.

"कालवड कुठं निघाली?"

"घरी," आत्या म्हणाली. "लग्न मोडलंय. तुमचं जनावर तुमच्या दारात बांधते आणि तुमच्या वहिनीला भेटते."

हसू तसंच राहिलं, फक्त डोळे हलायचे थांबले. "वहिनी आजारी आहे. कालपासून निजून आहे. कुणाला भेटत नाही ती."

काडीनं बापाचा हात धरला. आत्यानं दावं हाताला आणखी एक वेढा देऊन घट्ट केलं.

"आजारी असेल तर बघायलाच हवं," ती म्हणाली. "नाही भेटली तर दारात बसून राहीन. माझ्या धारा काढायला माणूस आहे."

ती त्याच्या गाडीला वळसा घालून पुढं झाली. मागोमाग दादा आणि काडी. मागं गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गाडी वळली, आणि त्यांच्या मागून यायला लागली. वेगात नाही, पुढंही जात नव्हती. चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, दहा पावलांवरून.

कालवडीला घरची वाट ओळखू आली आणि ती दावं ओढायला लागली. आत्यानं तिला हळू केलं. घर अजून अर्ध्या तासावर होतं. तिघांपैकी कुणीही मागं वळून बघितलं नाही.