एकटीची फेरी

"पॉवर कमी कर… अजून कमी. आता विमान खाली दाबू नकोस. त्याचं त्याला बसू दे," शेजारच्या सीटवरून निशिकांत सर म्हणाले. चाकं सेलेटार विमानतळाच्या धावपट्टीला अलगद टेकली.

विनीताने विमान बाजूला घेऊन थांबवलं. त्रेचाळिसाव्या वर्षी, पाया लेबारच्या बँकेतली नोकरी सांभाळून, ती दर शनिवारी इथे विमान उडवायला शिकत होती. सर मायदेशी हवाई दलातून निवृत्त होऊन इथल्या फ्लाइंग क्लबात शिकवायला आले होते. कौतुक करणं त्यांना जमत नसे. आज मात्र त्यांनी स्वतःचा पट्टा सोडला.

"आता एकटी जाऊन ये. मी नसलो की विमान हलकं होतं, रोजच्यापेक्षा लवकर उचलतं. दचकायचं नाही. आणि उतरताना जमत नाहीये असं वाटलं, तर हट्ट करायचा नाही. सरळ पुन्हा वर जायचं. त्यात कमीपणा नाही."

ते दाराची कडी उघडू लागले.

"सर, उतरू नका."

"घाबरलीस?"

"नाही." इंजिनाच्या आवाजात तिला मोठ्याने बोलावं लागत होतं. "मागच्या आठवड्यात एमआरटी ट्रेनमध्ये मला काही कळेनासंच झालं. टॅम्पिनीसला उतरायचं होतं. भानावर आले तर शेवटचं स्टेशन, पासिर रिस आलेलं, भोवती माणसं जमलेली. हाताला झटके येत होते म्हणे. काल रिपोर्ट आले. एपिलेप्सी आहे."

"काल रिपोर्ट आले आणि आज विमानात बसलीस?"

"चुकलंच माझं, सर. घरीसुद्धा बोलले नाही. वाटलं, एकदा, फक्त एकदा एकटीने जाऊन येईन, मग सगळ्यांना सांगेन." तिने समोरच्या काचेकडे पाहिलं. "पण खाली केवढी घरं आहेत."

सरांनी इंजिन बंद केलं. पंखा थांबला आणि आत एकदम उकडू लागलं.

"क्लबला मला कळवावं लागेल."

"हो."

"पुन्हा कधी…"

"माहीत आहे, सर."

ते उतरले नाहीत. तसेच बसून म्हणाले, "आज कशी गेली असतीस, सांग."

"पूर्ण पॉवर दिली असती. वेग आला की नाक हळूच वर. घाई नाही. मग खाडीच्या बाजूला वळले असते. सेम्बावांगच्या गोदीतली जहाजं दिसली असती. शेजारी बघितलं असतं, तर तुमची सीट…"

"मग?"

"मग उतरले असते, सर. नीट उतरले असते."

"हो," सर म्हणाले. "नीटच उतरली असतीस."

दोघं विमानातून खाली आली. कुंपणापलीकडे तिची मुलगी श्रिया आज आई एकटीने उडेल या आशेने पाण्याने भरलेली बादली घेऊन उभी होती. पहिल्यांदा एकट्याने उडून येणाऱ्याला चिंब भिजवायचं असतं, हे तिने कुठूनतरी ऐकलं होतं.

"आई, व्हॉट हॅपन्ड? यू नेव्हर गो, आह? गेलीच नाहीस?"

विनीताने नकारार्थी मान हलवली. श्रिया आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग ती कुंपणाशी वाकली आणि आवाज होऊ नये अशा बेताने बादली गवतात रिकामी करू लागली.