शेवटच्या ध्रुवपदाआधीचा खोकला

रॉक संगीताच्या इतिहासातले अविस्मरणीय क्षण गोळा करणाऱ्यांचा एक वर्ग असतो. त्यांच्या याद्या चाळल्या की माझ्यासारखीला एक गोष्ट जाणवते. त्यांतले निम्मे क्षण अपघाताचे असतात, आणि उरलेले निम्मेही अपघातच होते हे अजून कुणाच्या लक्षात आलेले नसते. कुणाची गिटार मोडते, कुणी रंगमंचावरून खाली कोसळतो, कुणाला ऐन वेळी ओळच आठवत नाही. पुढे काही वर्षांनी एखादा समीक्षक सिद्ध करतो, की ती ओळ न आठवणे हाच त्या गाण्याचा गाभा होता.

माझे काका अशा एका क्षणाचे धनी आहेत. तरुणपणी ते चौघांच्या एका बँडमध्ये ड्रम वाजवत. त्या बँडचे एकच गाणे गाजले, पण असे गाजले की आजही रेडिओ लावावा तर ते लागते. त्यात शेवटच्या ध्रुवपदाआधी सगळी वाद्ये एकदम थांबतात, गायक श्वास रोखतो, आणि त्या शांततेत कुणीतरी खोकते. खोकला छोटा, कोरडा, थोडा दाबलेला. मग ध्रुवपद अंगावर कोसळते. हा खोकला काकांचा, असे आमच्या घराण्याचे आणि अनेक देशांतल्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचे एकमत होते.

त्या रेकॉर्डवर काकांचे एवढेच उरले होते. कंपनीच्या साहेबांना त्यांचे वादन पसंत पडले नाही. दुसऱ्याच दिवशी बाहेरचा ड्रमर बोलावून ड्रमचा ट्रॅक पुसून नव्याने भरण्यात आला, आणि काकांच्या हाती नारळ देण्यात आला. गायकाचा आवाज मात्र पुन्हा भरता येईना, कारण त्याचा घसा बसला होता. खोकला होता गायकाच्या ट्रॅकवर. म्हणून तो वाचला. काका गाद्यांच्या दुकानात नोकरीला लागले आणि त्यांचा खोकला जगभर फिरायला निघाला.

एका समीक्षकाने त्याला ‘धुराने गुदमरलेल्या पिढीचा हुंकार’ म्हटले. कार्यक्रमांतून गायक त्या जागी थांबला की हजारो श्रोते एका सुरात खोकू लागले. गायकाला याचा मनस्वी संताप येई. ती शांतता त्याने स्वतः बेतली होती, आणि तिच्यात दुसऱ्याच माणसाचा खोकला अजरामर झाला होता. इकडे काकांना ओळखीचे लोक ‘खोकला’ म्हणूनच हाक मारू लागले. गादी विकत घ्यायला आलेली माणसे गादी पाहायच्या आधी म्हणत, “जरा खोकून दाखवा ना!” एकदा खोकल्याचे औषध बनवणाऱ्यांनी त्यांना जाहिरातीत काम करण्याविषयी विचारले होते. काकांनी कलेचा अपमान म्हणून नकार दिला. त्या नकाराबद्दल काकूने त्यांना अजून क्षमा केलेली नाही.

अशी एकूण स्थिती असताना एका रविवारी सकाळी काका माझ्या दारात उभे राहिले. चेहरा लालबुंद. मागे काकू, तिच्या हातात त्यांचा मफलर.

“तू आवाजाची डॉक्टर आहेस ना?”

“काका, मी यंत्रांचे आवाज मोजते. पंखे, कपडे धुण्याची यंत्रं.”

“मग खोकला मोजायला काय जड आहे? आत तरी येऊ दे.”

“आधी मफलर घाला,” काकू म्हणाली. “तिच्याकडे पंखा चालू असतो.”

प्रकरण असे होते. कंपनी त्या गाण्याची नवी, स्वच्छ केलेली आवृत्ती काढत होती. जुन्या टेपवरची खरखर, खुर्च्यांचे करकरणे, कागदांची सळसळ, सगळे काढून टाकायचे ठरले होते. आणि गायकाच्या आग्रहाने खोकलासुद्धा. पुढे सगळीकडे हीच आवृत्ती वाजणार होती. काकांना ही बातमी रेडिओवरून कळली. बातमी देणाऱ्याने तिच्या शेवटी गंमत म्हणून खोकून दाखवले.

“मला पुसतायत गं,” काका म्हणाले. “एकदा पुसून झालंय, आता उरलेलं पुसतायत. तू लेखी दे, की हा खोकला काढला तर गाणं बिघडतं. शास्त्रीय भाषेत दे. कुणाला कळता कामा नये.”

“तो तुमचाच आहे, हे मला आधी तपासावं लागेल.”

“माझा नाही तर काय शेजाऱ्यांचा?”

मी जे मोजलेले नाही त्यावर सही करत नाही. ही सवय नोकरीत उपयोगी पडते, नातेवाइकांत पडत नाही. तरीही काकांचा चेहरा पाहून मी कंपनीत फोन केला, आणि त्याच आठवड्यात आम्ही तिघे त्यांच्या स्टुडिओत गेलो.

जुन्या टेपा साफ करण्याचे काम तिथे एक बाई करत. काकांनी घरूनच त्यांचे ‘सफाईबाई’ असे नाव ठेवले होते. प्रत्यक्षात त्या अत्यंत सौजन्याने वागल्या, त्यामुळे काकांची मोठीच अडचण झाली. भांडणाची तयारी करून गेलेल्या माणसाला कुणी बसायला मऊ खुर्ची दिली, की त्याने करायचे काय?

“माझा नियम साधा आहे,” बाई म्हणाल्या. “कुणी काही वाजवलं किंवा गायलं असेल, तर त्या माणसाच्या परवानगीशिवाय मी हात लावत नाही. सूर चुकलेला असला तरी नाही. करारातच तसं आहे. बाकी सगळा कचरा. वाईट वाटून घेऊ नका, पण खोकला कचऱ्यात जातो.”

“हजारो लोक खोकतात त्या जागी!” काका म्हणाले.

“हो. गायकांनी तेच कारण दिलंय.”

मी फक्त गायकाचा ट्रॅक ऐकवण्याची विनंती केली. बाईंनी बाकीचे ट्रॅक बंद केले आणि मी हेडफोन लावले. आवाज एकटाच, उघडा. पण पूर्ण एकटा नव्हता. त्याच्या मागे, फार दूरवर, कुणीतरी ड्रम वाजवत होते. चौघेही एकाच खोलीत वाजवत असल्याने काकांचे वादन गायकाच्या मायक्रोफोनमध्ये झिरपले होते. एरवी नव्या ड्रमरच्या दणदणाटाखाली ते झाकले जाते, इतकेच. मी हे सांगितले. तसे काकांनी हेडफोन माझ्या कानांवरून जवळजवळ ओढूनच घेतले.

त्यांचे ऐकणे चालू असताना मी पडद्यावर खोकल्याची आकृती पाहत होते. खोकल्याची रचना ठरलेली असते. आधी फुफ्फुसांतली हवा एकदम सुटते, मग तिचा लोट घशातून घासत जातो, आणि बहुतेकदा शेवटी स्वरयंत्र थोडे कुरकुरते. इथे फक्त पहिला स्फोट होता. हवेचा लोट नव्हता. त्याच्या जागी बारीक तारांची थरथर होती आणि तीही मध्येच तोडल्यासारखी बंद पडली होती. ड्रम वाजवणाऱ्याच्या पुढ्यात जो चपटा ड्रम असतो, त्याच्या पोटाखाली अशा तारा बसवलेल्या असतात. त्याच ट्रॅकवर थोडे मागे जाऊन मी काकांचा एक साधा ठोका काढला आणि दोन्ही आकृत्या एकाखाली एक ठेवल्या. शेवटची तुटलेली शेपटी सोडली तर दोन्ही सारख्याच होत्या.

“काका,” मी म्हटले, “खोकल्याला घसा लागतो. याला घसा नाही. हा ड्रमचा ठोका आहे.”

“यंत्र बिघडलंय.”

“यंत्र ठीक आहे.”

“मग हे मोज,” असे म्हणून काकांनी मायक्रोफोनपाशी जाऊन एक दणदणीत खोकला काढला. पडद्यावर त्याची आकृती उमटली. हवेचा लोट, घासणे, शेवटची कुरकुर, सगळे जिथल्या तिथे.

“हा अगदी उत्तम खोकला आहे,” बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या. “टेपवरचा मात्र नाही.”

काका पुन्हा खोकण्याच्या तयारीत होते. काकूने त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना खाली बसवले.

बाईंचा चेहरा एव्हाना खुलला होता. “पण हे तर चांगलंच झालं की! ठोका असेल तर ते वादन झालं. मग मी त्याला हात लावू शकत नाही. फक्त वाजवणाऱ्याने सांगायला हवं, की हा मी वाजवलाय.”

खोलीत त्या गाण्याला शोभेल अशी शांतता पसरली. कुणीही खोकले नाही.

“बोला की,” काकू म्हणाली. “वाचतोय तर सांगून टाका, मी वाजवला म्हणून. असेल-नसेल, तुमचं काय जातंय?”

“माझं काय जातंय?” काका म्हणाले. मग बराच वेळ त्यांनी मफलरची गाठ सोडली आणि बांधली. “सगळे थांबले. थांबायचंच होतं तिथे. मी थांबलो नाही. म्हणजे थांबणार होतो, पण काठी खाली निघाली होती. पडली. मी दुसऱ्या हाताने ड्रम दाबला, एखाद्याचं तोंड दाबावं तसा. साहेबांनी काचेमागून विचारलं, ‘काय होतं ते?’ मी म्हटलं, ‘खोकला आला, साहेब.’”

“आणि त्यांना पटलं?” मी विचारले.

“गायक डोळे मिटून उभा होता, गिटारवाल्याचं लक्ष स्वतःच्या बोटांकडे. न पटायला काय झालं? खोकल्यासाठी कुणाला काढत नाहीत.”

“काढलंच की,” काकू म्हणाली.

“काढलं. पण खोकल्यासाठी नाही.”

काकूने मफलरकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू एक भयंकर हिशेब उलगडत गेला. “म्हणजे लग्न झाल्यापासून मी तुम्हाला कोमट पाणी पाजतेय ते कशासाठी? आइस्क्रीम खाऊ दिलं नाही तुम्हाला! सासूबाईंना सांगितलं, यांचा घसा नाजूक आहे, साऱ्या जगाचं लक्ष आहे त्याच्यावर!”

“ते सोसलंय मी. मूग गिळून गप्प बसलो.”

“मूग तरी कोमट होते का?” काकू म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. हसता हसता तिला खराखुरा ठसका लागला. बाईंनी लगबगीने पाणी आणले.

काकांना हसू आले नाही. “तुम्हाला गंमत वाटतेय,” ते म्हणाले. “खोकला म्हणून पुसला गेलो तर लोक हळहळतील. जुन्या रेकॉर्डी शोधून ऐकतील. ठोका म्हणून राहिलो तर म्हणतील, बघा, का काढला होता ते. जन्मभर एकच ठोका ऐकू येणार माझा, आणि तोही चुकलेला.” त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “किती चुकलाय?”

मी मोजले. थांबायच्या जागेनंतर जवळपास अर्ध्या मात्रेने उशिरा, असे सांगितले. अशा वेळी आकडा थोडा कमी सांगावा, असे पुतणी म्हणून मला वाटून गेले, पण पडदा सगळ्यांसमोर होता.

काका पडद्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कुणाच्या मानाने उशिरा?”

काकांनी आयुष्यात मला विचारलेला हा पहिला शास्त्रीय प्रश्न होता, आणि तो अचूक होता. संदर्भ सांगितल्याशिवाय उशीर या शब्दाला अर्थ नसतो. मी उशीर मोजला होता तो बाकीच्यांच्या मानाने. आता मी गाण्याच्या सुरुवातीची लय घेतली आणि तीच पुढे धरून पाहिली. गिटारवाला ध्रुवपद जवळ येईल तसा घाईला आलेला होता आणि त्याच्यामागे गायकही धावत सुटला होता. सुरुवातीच्या लयीने थांबायची जागा बरीच पुढे, काकांच्या ठोक्याकडे सरकत होती.

“मूळ लयीने पाहिलं,” मी म्हटले, “तरीही तुम्ही उशिराच आहात.”

काकांचे खांदे पडले.

“पण निम्म्यानेच.”

“निम्म्याने?” काका उभे राहिले. “म्हणजे निम्मी चूक त्यांची!”

“असं काटेकोरपणे म्हणता येणार नाही. बँडने एकमेकांचं ऐकून वाजवणं अपेक्षित असतं, त्यामुळे—”

“निम्मी त्यांची!” काकांनी काकूला ऐकवले. “मला एकट्यालाच काढलं!”

मी आणखी स्पष्टीकरण देणार होते, पण काकूने माझा हात दाबला. मोजमापाचा उपयोग कुठे संपतो, हे ती माझ्यापेक्षा जास्त माणसांबरोबर राहून शिकली आहे.

“लिहून घ्या बाई,” काका म्हणाले. “तो ठोका माझा. मी वाजवला.”

बाईंनी लिहून घेतले. वादकांच्या नावांत काकांचे नाव त्यांनी बाहेरच्या ड्रमरच्या खाली घातले. वाद्याच्या रकान्यापाशी त्या जरा अडखळल्या. “दोघांपुढेही नुसतं ‘ड्रम’ लिहिलं तर लोकांचा गोंधळ होईल.”

“माझ्यापुढे ‘ड्रम, एक ठोका’ लिहा. खरं तेच लिहा. पुतणी बसलीय समोर.”

“आणि गायकांना मला काहीतरी कळवावं लागेल,” बाई म्हणाल्या. “रीतसर विचारते. हा ठोका काढून टाकायला तुमची परवानगी आहे का?”

काकांनी मान खाली घातली. मला वाटले, मन पुन्हा डळमळले. पण ते गालातल्या गालात हसत होते.

“या कंपनीने मला आजपर्यंत काहीच विचारलं नव्हतं,” ते म्हणाले. “काढलं तेव्हाही नाही. परत एकदा विचारा ना. जरा सावकाश.”

बाईंनी खुर्ची सरळ केली आणि गंभीर चेहऱ्याने पुन्हा सुरुवात केली. “हा ठोका काढून टाकायला तुमची—”

“नाही,” काका म्हणाले.