शकुनबाईंच्या पोटातला रखवालदार

मी एक जुना मायक्रोआरएनए, म्हणजे पेशीतला एक चिमुकला रेणू आहे, मित्रांनो. वलगावच्या शकुनबाईंच्या अंडाशयात राहतो. माझ्या प्रती सतत नव्या निघतात, पण काम चोपन्न वर्षं तेच. पेशीने मला एका लांब धाग्यातून कापून इतकं बारीक केलं, की साध्या सूक्ष्मदर्शकालाही मी दिसत नाही. पेशीत 'वाढा, वाढा' असे निरोप सुटतात. नको तो निरोप आला की मी त्याला चिकटतो आणि तिथेच गप्प करतो. या कामाचं कधी कोणी कौतुक केलं नाही. चालायचंच.

पण मग काही पेशी बिघडल्या आणि त्यांनी माझ्या प्रती काढणंच बंद केलं! आम्ही जे थोडे उरलो, ते मेटाकुटीला आलो. निरोप मोकाट सुटले, कर्करोगाची गाठ वाढली, पोटात पाणी साचू लागलं.

आणि बाई काय करतात? परकराची नाडी सैल बांधतात! ओव्याची फक्की मारतात! महालक्ष्म्यांना सोळा भाज्या रांधल्या, साऱ्या पंगती वाढल्या आणि स्वतः दोन घासांत उठल्या. घरचे म्हणाले, वाढून वाढून भूक मेली. अरे, पोटात जागाच नव्हती! मला कपाळ असतं तर बडवून घेतलं असतं.

सून माधवीने मात्र ते ताट पाहिलं. "आत्याबाई, महिना झाला, तुमी धड जेवत नाई. उद्या अमरावतीले जाऊ."

"काहून? ग्यास हाये मले. सोयाबीन निघू दे, मंग पाहू."

नवरा देवमन अंगणातून ओरडला, "जाय वं! सोयाबीन पाहाले मी हावो ना."

सोनोग्राफीत गाठ दिसली. डॉक्टरीणबाई चिडल्या, "इतके दिवस काय करत होता?" अखेर माझ्या मनातलं कोणीतरी बोललं! मग त्या म्हणाल्या, गाठ अजून फार पसरलेली दिसत नाही, पण आता एक दिवसही घालवू नका.

त्यांनीच अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं, उद्या तिथे ऑपरेशन आहे. अंडाशय काढतील, त्यासोबत मीही जाईन. जाऊ दे. शकुनबाई राहिल्या पाहिजेत.

मित्रांनो, तुमच्या आईचं पोट सारखं फुगत असेल, जेवण जात नसेल, तर तिच्या 'मले काई नाई झालं'वर विश्वास ठेवू नका. हट्ट करा, रडा, पण तिला दवाखान्यात न्या. मी आतून कितीही ओरडलो तरी तिला ऐकू जात नाही. तुमचं जाईल.