सासूबाईंची नजर

आमच्या सासूबाईंना वस्तीत सगळे बाना कासुबा म्हणतात, म्हणजे कासुबाची, माझ्या नवऱ्याची आई. पाऊस लागला की बायका रानातली अळंबी टोपल्या भरभरून आमच्या अंगणात आणतात. सासूबाई एकेक हातात घेऊन खाण्याजोगी उजवीकडे टाकतात, विषारी डावीकडे. त्यांचा शब्द शेवटचा.

गेली दोन वर्षं त्यांना दिसत नाही. हे फक्त मला माहीत होतं. त्या वासावर, अंदाजावर निवडायच्या आणि मी शेजारी बसून उजवीकडची वाईट अळंबी गुपचूप काढून टाकायची. वर कुणी विचारलं तर सांगायची, "आईंची नजर अजून घारीची आहे हो!" म्हातारीचा मान राहतो, आपलं काय जातं? एवढीच माझी अक्कल.

त्या दिवशी गिरणीवर मका दळायला मोठी रांग होती. परतले तर सासूबाई अंगणात खुशीत बसलेल्या, समोर छाटलेल्या देठांचा ढीग कोंबड्या उकरत होत्या. शेजारची बुपे टोपली निवडून घेऊन गेली होती. मी एक देठ उचललं. बुडाशी पांढरी पिशवी होती, विषारी अळंबीची खूण. ही अळंबी खाल्लेला माणूस रात्रभर ठणठणीत असतो आणि विष दुसऱ्या दिवशी चढतं, म्हणून तर ती जास्त वाईट.

मी धावत सुटले. बुपेची तीन पोरं हात धुऊन बसली होती, मक्याच्या पिठाची घट्ट न्शिमा वाढून झाली होती.

"खाऊ नका! बुपे, आईंना दिसत नाही!"

बुपे हसली. "परवा तर घारीची नजर म्हणत होतीस. आज काय बिनसलं सासूशी?"

"शप्पथ गं. दोन वर्षं मीच..."

"म्हणजे दोन वर्षं खोटं बोललीस, आणि आजचं तेवढं खरं? कशावरून?"

मी भाजीच्या भांड्यावर झेपावले तर तिनं माझं मनगट धरलं. इतक्यात दारात काठी वाजली. सासूबाई माझ्या मागोमाग आल्या होत्या.

"सुनेला माझं कौतुक बघवत नाही," त्या कडाडल्या. "आण गं बुपे, माझ्या हातात दे. निवडणारीनं आधी खायचं असतं."

"आई, नको!"

त्यांनी पहिला घास खाल्ला. भाजीची वाटी खाली ठेवली. न्शिमाचा दुसरा गोळा मोडला आणि भाजी समजून शेजारच्या हात धुवायच्या पाण्यात बुडवला. तोंडाशी नेला तेव्हा थबकल्या. बुपेनं ते पाहिलं. तिनं भाजीचं भांडं उचलून राखेत ओतलं.

मी सासूबाईंच्या घशात बोटं घालून ओकायला लावलं. थोडं पडलं. मग दवाखान्याची गाडी पकडायला आम्ही मोठ्या रस्त्याकडे निघालो, त्यांचा हात माझ्या खांद्यावर.

"नकांदू," त्या हळूच म्हणाल्या, "तू रोज माझ्यामागून निवडतेस, मला ठाऊक आहे. तुझ्या बोटांची खुडबुड ऐकू येते. आजही येत होती. निवडलीस ना गं?"

माझ्या ओठांवर 'हो' आलं होतं. तेवढाच त्यांना धीर.

"नाही, आई. मी गिरणीवर होते. त्या कोंबड्या होत्या."

खांद्यावरची बोटं रुतली.

"मग जरा भरभर चल," त्या म्हणाल्या.