दुखण्यावर पाणी मारणे

माझे वडील मंगळवारी सकाळी बरे झाले. आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती, इकडे दूध उतू जायला लागलं, आणि मणक्याची गादी सरकली म्हणून कित्येक महिने पडून असलेला हा माणूस ताडकन उठला, स्वयंपाकघरात गेला, गॅस बंद केला आणि खाली सांडलेलं दूध वाकून पुसलंसुद्धा.

असं काहीही झालेलं नाही. बाबा आजारी आहेत. मी दाराच्या फटीतून जे पाहिलं ते पाहिलेलं नाही, आणि रिकामी बादली घेऊन दारात आलेल्या आईनेही नाही. बाबा परत फळीवर आडवे झाले आणि रीतसर कण्हले.

बाबा गिलावा करणारे गवंडी. डॉक्टरांनी कडक बिछाना सांगितला तेव्हा त्यांनी ज्या फळीवर उभं राहून जन्मभर भिंती लिंपल्या, तीच घरी आणवली. ती एवढी लांब, की बाहेरच्या खोलीत एकाच जागी मावली. माझ्या खोलीच्या दाराला चिकटून. तेव्हापासून दार वीतभर उघडतं. मी पोट आत घेऊन, तिरका होऊन, बाबांवरून टांग टाकून कामाला जातो. मी जातो. सुटकेस जात नाही.

सुटकेसचा प्रश्न यासाठी, की मला दुसऱ्या गावी नोकरी मिळाली होती. फॉल्स सीलिंगच्या ठेकेदाराकडे, राहायच्या खोलीसकट. रविवारी हजर हो, नाहीतर दुसरा बघतो, असं त्याने सांगितलं होतं. बाबांचा जिप्समच्या बोर्डावर राग आहे. त्याच्यावर गिलाव्यासारखं पाणी मारावं लागत नाही. जे काम पक्कं व्हायला वेळ खात नाही, ते त्यांच्या लेखी कामच नाही.

"बाबा, डॉक्टर म्हणाले ना, चालायला लागा."

"डॉक्टरला माझा मणका कळतो. प्रारब्ध कळत नाही. हा भोग आहे. गिलावा वरून सुकलेला दिसला म्हणून पाणी मारायचं थांबवलं, तर काय होतं?"

"तडा जातो."

"कधी?"

"नंतर."

"पुढच्या जन्मी," बाबा म्हणाले आणि कूस बदलून दे अशी खूण केली. कूस त्यांची त्यांना बदलता येत होती. मी बदलून दिली.

"आणि मी रोज तुमच्यावरून उड्या मारतो, ते कुणाच्या कर्मात?"

"तुझ्या. मागच्या जन्मी कुणाची तरी वाट अडवली असशील."

"मग आता तुम्ही माझी अडवताय. तुमचं काय?"

बाबा म्हणाले, "पुढच्या जन्मी तू दारात पड. मी उड्या मारीन."

"म्हणजे पुढच्या जन्मीही हेच घर?"

"दार मोठं करून घेऊ."

"मला त्यात धरू नका," स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

मी तिला तिथेच गाठलं. "आई, मंगळवारचं दूध तूही पाहिलंस."

"कसलं दूध?" ती पातेलं घासत राहिली. मग आवाज उतरवून म्हणाली, "हे उठले की तू जाणार. आता तू जाणार म्हणून हे उठत नाहीत, असं मी म्हणत नाही हं. पण घाई काय आहे एवढी?"

रविवारी सकाळी मी आतून दाराला खांदा लावला. फळी बाबांसकट सरकली. सुटकेस निघेल एवढी जागा झाली. ती डोक्यावर धरून मी बाबांवरून टांग टाकली आणि कमरेत काहीतरी कट्कन वाजलं. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी बाबांच्या वर कमानीसारखा उभा.

बाबा माझ्या पायांमधून सरपटत बाहेर आले. त्यांनी सुटकेस काढून घेतली, मला हलकेच फळीवर निजवलं. फळी अजून गरम होती.

"एकाचा भोग दुसऱ्याला घेता येत नाही, असं तुम्हीच सांगता," मी म्हणालो.

"नाहीच येत. हा तुझाच आहे. माझा आज संपला." त्यांनी वाकून पायांचे अंगठे धरून दाखवले. आईने बघितलं आणि बघितलं नाही.

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. तो बाबांनीच घेतला. "नाही, येणार नाही तो. त्याच्यावर अजून पाणी मारायचं चाललंय." मग सुटकेस उचलून ते माझ्यावरून टांग टाकून आत गेले आणि ती होती त्या जागी ठेवून आले. सुटकेस रिकामी करून एकेक कपडा बाहेर काढता आला असता, हे मला पडल्या पडल्या सुचलं. सुचायला इथे भरपूर वेळ मिळतो.

तरी, जन्म आणि दुखणी यांचे वाटप जेथून होते तेथील संबंधित अधिकाऱ्यांस विनंती, की अर्जदाराच्या कमरेतील दुखणे त्याचेच असल्याचे त्यास मान्य असून, ते भोगण्याकरिता दारापासून दूर जागा मंजूर व्हावी. ते शक्य नसल्यास, पुढील जन्मी अर्जदाराची नेमणूक याच कुटुंबात, परंतु खिडकीच्या बाजूस करण्यात यावी.