माघारीचा अर्ज

वाडीतल्या बचत गटाच्या बायांना भावनाने तीन वर्षं एकच गोष्ट घोकवली होती: वाचल्याशिवाय सही करायची नाही. आणि स्वतःची उमेदवारी भरताना याच बाईने पोळ्या लाटता लाटता पिठाचे हात पदराला पुसले आणि नवऱ्याने पेन्सिलीने फुल्या मारलेल्या जागी सह्या ठोकल्या. बावीस की तेवीस, तेही तिने पाहिलं नाही.

नगरपरिषदेचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून जितेंद्रने तिला उभं केलं होतं. नाव तिचं, बाकी सगळं त्याचं. पण दारोदार फिरता फिरता घोळ झाला. गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या बाया संध्याकाळी ट्रकांच्या गर्दीतून अंधाऱ्या रस्त्याने परततात. तिथं दिवे लावून देईन, असा शब्द भावना देऊन बसली, आणि तो शब्द तिने मनावर घेतला. आता तिला खरंच निवडून यायचं होतं.

माघारीचा शेवटचा दिवस. मुदत तीनपर्यंत. दोन वीसला कचेरीत कामाला गेलेल्या शेजारच्या गोपिकाचा फोन आला.

"भावना, तुये साहेब निवडणूक कचेरीत बसले हायेत. हातात माघारीचा कागद हाय. त्याच्यावर तुयी सही हाय वं."

"मी काहून करीन तशी सही?"

"मले काय विचारते? तुयीच हाय."

भावनाला आठवलं. पोळ्या, पीठ, फुल्या. तिच्या वतीने अर्ज द्यायला नवऱ्याला प्रतिनिधी नेमल्याचा कागदही त्याच गठ्ठ्यात गेला असणार. आठवडाभर तो फोनवर हळू आवाजात 'स्वीकृत, स्वीकृत' म्हणत होता, त्याचाही आता उलगडा झाला. निवडून न येता सभागृहात बसवतात ती जागा. बायकोने मागे सरायचं आणि त्याने आत शिरायचं, असा समोरच्या पक्षाशी सौदा होता.

अमरावती रोडवर ट्रकांची रांग हलेना. स्कूटी एका पानठेल्यापाशी टाकून ती चालत निघाली, मग सरळ पळाली. लोक बघत होते. बघू देत.

फाटकावर शिपायाने हात आडवा केला. "फक्त उमेदवार, ताई."

"मीच उमेदवार आहे."

"तुमच्या वॉर्डाचे उमेदवार केव्हाचेच अंदर गेले. जितेंद्रभाऊ."

तिने पर्समधून आधार कार्ड काढून त्याच्या नाकासमोर धरलं. बिचारा ते दोनदा वाचून बाजूला झाला.

तीनला अकरा मिनिटं कमी होती. जितेंद्र बाकावर बसून मोबाइलकडे टक लावून होता. तिकडून पक्का होकार आल्याशिवाय कागद द्यायचा नाही, एवढा तो हुशार होता. त्या हुशारीनेच ती वाचली.

"तू काहून आली? घरी बोलू," तो पुटपुटला. "लोकं पाहून राहिले."

तेवढ्यात मोबाइल वाजला. तो कानाला लावून जितेंद्र उठला, पण अधिकाऱ्याच्या टेबलापाशी भावना आधी पोचली.

"साहेब, ह्यांच्या हातातल्या कागदावर सही माझी आहे, पण मला माघार घ्यायची नाही. प्रतिनिधी नेमल्याचा कागदही रद्द करायचा आहे. कोरा कागद द्या."

अधिकाऱ्याने आधी तिच्याकडे, मग जितेंद्रकडे पाहिलं आणि कागद सरकवला. तिने चार ओळी लिहिल्या, दोनदा वाचल्या, सही केली. अधिकाऱ्याने शिक्का मारला. तीनला शिपायाने दार लावून घेतलं.

जितेंद्र अजून कागद हातात धरून उभा होता. तो चिडेल, हात धरून ओढत नेईल, या सगळ्याची तिने वाटेतच तयारी केली होती. पण खरोखरच न कळल्यासारखं त्याने विचारलं, "मग माझं काय?"

तिला त्याची कीव आली, आणि रागही तेवढाच आला. सोळा वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिने त्याला एकदाही विचारला नव्हता. तो विचारता येतो हेच तिला माहीत नव्हतं.